वजन किती वेळा करावं? काट्यावर उभं राहताना या चुका टाळा

आमच्या घरातला वजनकाटा दर सोमवारी बिघडतो आणि शुक्रवारपर्यंत आपोआप दुरुस्त होतो. निदान माझ्या नवऱ्याचं तरी तसं ठाम मत होतं. सोमवारी सकाळी न्हाणीघराच्या दारातून आवाज यायचा, "काटा बिघडला गो!" मग बॅटरी काढून पुसली जायची, काटा न्हाणीघरातून सोप्यावर यायचा, सोप्यावरून स्वयंपाकघरात. आदल्या दिवशी रविवारचं इसवणाचं हुमण (सुरमईची आमटी), वर तळलेले तुकडे, दुपारची झोप आणि रात्री पुन्हा तेच हुमण, या सगळ्याचा काट्याशी काही संबंध असेल, हे त्याच्या गावीही नव्हतं.

वजन उतरवायला निघालेली माणसं पहिल्यांदा विचारतात, "रोज करू की आठवड्यातून एकदा?" दोन्ही चालतं. चुकतं ते दुसरीकडेच: कुठल्या आकड्याची तुलना कुठल्या आकड्याशी करायची, यात.

एका आकड्यावर निकाल लावू नका

नवऱ्याने डॉक्टरांच्या सांगण्यावरून दर सोमवारी वजन करायला घेतलं. पहिल्या सोमवारी ७२.४, पुढच्या सोमवारी ७२.९. आठवडाभर भात अर्धा केला, संध्याकाळी चालायला गेला आणि पदरात काय, तर अर्धा किलो वाढ! तो वैतागून सोडणारच होता. सुदैवाने काट्यावर तो मधल्या दिवशीही चढायचा, आणि दोन्ही आठवड्यांचे ते आकडे मी कालनिर्णयच्या चौकटींत पेन्सिलीने लिहून ठेवले.

पहिला आठवडा, सोमवार ते रविवार: ७२.४, ७२.९, ७२.१, ७१.८, ७१.७, ७१.९, ७२.६. सातांची सरासरी ७२.२.

दुसरा आठवडा: ७२.९, ७२.३, ७१.८, ७१.६, ७१.४, ७१.३, ७१.९. सरासरी ७१.९.

म्हणजे वजन तीनशे ग्रॅम उतरलं होतं. सोमवार ते सोमवार पाहिलं तर मात्र ते वाढलेलं दिसत होतं.

आता पहिल्या शुक्रवारचे ७१.७ आणि दुसऱ्या सोमवारचे ७२.९ शेजारी ठेवा. तीन दिवसांत १.२ किलो. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. ही सगळी वाढ चरबीची मानायची, तर त्याने त्या तीन दिवसांत गरजेपेक्षा नऊ हजारांहून जास्त कॅलरी खाल्ल्या असं म्हणावं लागेल. आमच्याकडे वाढण्यात कुचराई नसते, पण एवढंही कोणी वाढत नाही. तो आकडा पाण्याचा, मिठाचा आणि अजून पोटात असलेल्या जेवणाचा होता. मोठ्या माणसाचं वजन एका दिवसात किलो-दोन किलो इकडेतिकडे होणं अगदी नेहमीचं आहे.

म्हणून दोनपैकी एक करा. रोज वजन करणार असाल तर रोजचा आकडा नुसता लिहा आणि निकाल आठवड्याच्या सरासरीवर लावा. आठवड्यातून एकदाच करणार असाल तर वार ठरवून घ्या, आणि तो सोमवार नको. बहुतेकांचं वजन सुट्टीनंतर सर्वांत जास्त आणि शुक्रवारच्या आसपास सर्वांत कमी भरतं, हे अभ्यासांतही दिसलं आहे. बुधवार किंवा गुरुवार बरा. या आठवड्यात शुक्रवार, पुढच्यात सोमवार असं मात्र करू नका, त्या तुलनेला काही अर्थ उरत नाही.

माझं मत विचाराल तर रोजचं वजन बरं. एखादा दिवस बिघडला तरी उरलेले सहा सांभाळून घेतात. पण आकडा पाहून ज्यांचा अख्खा दिवस नासतो, त्यांनी आठवड्याचाच नेम धरावा.

वेळ बदलू नका

सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज साधारण तेवढ्याच कपड्यांत. आमच्या वाड्यावर पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलीचा पों-पों ऐकू आला की काट्यावर उभं राहायचं, असं ठरून गेलंय. घड्याळ बघावं लागत नाही, आणि पाव पोटात जायच्या आधी वजन होतं. दहा-अकराच्या पेजेनंतर वजन कराल तर पेजेचाच अर्धा किलो धराल. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, ते तांब्यात असो की पोटात.

याची उलट बाजूही आहे. मे महिन्यात फुटबॉल खेळून किंवा चालून घामाने निथळत आलात आणि लगेच काट्यावर चढलात, तर किलोभर कमी दिसेल. ते पाणी दोन शहाळ्यांत परत येतं.

आकडा का उडाला, हे आधी शोधा

पावसाळ्यात आमच्या आकड्यांत एक गंमत दिसते. गोव्यात १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी. ताजं मासळं महाग आणि कमी, म्हणून पुरुमेंताचं (पावसाळ्यासाठी साठवलेलं) सुकं बाहेर निघतं: सुक्या बांगड्याचं किसमूर, गालमो (सुका जवळा), मिठातली तोरं (कैऱ्या), मिस्कूट (कैरीचं लोणचं). त्या दिवसांत खाणं वाढलेलं नसतं, उलट दोन घास कमीच असतात, तरी दुसऱ्या दिवशी आकडा वर. कारण मीठ. शरीर मिठाच्या प्रमाणात पाणी धरून ठेवतं आणि दोन-तीन दिवसांत सोडून देतं. मी आता चौकटीत आकड्याशेजारी बारीक अक्षरात 'किसमूर' असंही लिहिते. (रक्तदाबवाल्यांनी या सुक्याकडे वजनापेक्षा वेगळ्या कारणाने जपून बघावं, हे आलंच.)

दुसरं कारण भात. भात-पावातली साखर शरीर ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत साठवतं, आणि त्याच्या एका ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलं जातं. भात एकदम बंद केला की हा साठा रिकामा होतो आणि पहिल्याच आठवड्यात दोन किलो उतरल्यासारखे वाटतात. मग चार दिवस जेवणावळी झाल्या की तेच पाणी परत येतं. 'पहिल्या आठवड्यात तीन किलो' अशा जाहिराती बहुतेक याच पाण्यावर तरतात.

बायकांसाठी आणखी एक. पाळीच्या आधीच्या दिवसांत पाणी साचतं; माझा आकडा दर महिन्याला किलोभर तरी वर जातो. तेव्हा या आठवड्याची मागच्या आठवड्याशी नव्हे, तर मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी तुलना करायची. हे मला चाळिशीत कळलं. आधी कळलं असतं तर बऱ्याच शनिवारच्या रडण्या वाचल्या असत्या.

नवा व्यायाम सुरू केल्यावर स्नायू दुखतात, त्यांत सूज येते, पाणी येतं. बद्धकोष्ठ असलं तरी आकडा वर राहतो. काही औषधांनी, विशेषतः स्टेरॉइडने, वजन वाढतं. ते औषध मनाने बंद न करता डॉक्टरांना विचारायचं.

काटा खरंच बिघडलेला असू शकतो

नवऱ्याला अगदीच खोटं पाडायला नको. डिजिटल काट्याच्या चार पायांत चार संवेदक असतात. एक पाय लादीच्या खाचेत गेला, खाली पायपुसणं असलं किंवा जुन्या घरातली जमीन उंचसखल असली की आकडा फसतो. सपाट, टणक जागा शोधा, तिथे खूण करा आणि काटा हलवू नका. हलवलाच तर पायाने एकदा दाबून सोडा, शून्य येऊ द्या, मग चढा.

तपासायची सोपी रीत अशी. आधी नुसते उभे राहा. मग पाच किलो उकड्या तांदळाची न फोडलेली पिशवी हातात घेऊन उभे राहा. फरक पाच किलोच्या जवळपास यायला हवा. एवढ्याने कळत नसेल तर अर्ध्या लिटरची भरलेली बाटली घ्या. काही काटे मागचा आकडा लक्षात ठेवतात आणि थोडाच फरक असेल तर तोच पुन्हा दाखवतात. बाटली हातात असूनही आकडा ढिम्म हलला नाही, तर तुमचा काटा पाठ केलेलं म्हणून दाखवतोय. अशा वेळी दोन वजनांच्या मध्ये काहीतरी जड ठेवून काढा, म्हणजे त्याला जुना आकडा विसरावा लागतो.

पावसाळ्यात न्हाणीघरातल्या काट्याच्या बॅटरीच्या पट्ट्यांवर गंज चढतो, हेही बघा. आणि घरच्या काट्याची फार्मसीतल्या किंवा दवाखान्यातल्या काट्याशी तुलना नको. तिथे तुम्ही चपला घालून, नाश्ता करून, खिशात मोबाइल आणि चाव्या घेऊन उभे असता. काटा किलोभर जास्त दाखवत असेल आणि रोज तेवढंच जास्त दाखवत असेल, तर चढउतार बघायला तो पुरतो.

चरबीची टक्केवारी दाखवणाऱ्या काट्यांबद्दल थोडक्यात: ते पायांतून अगदी हलका विद्युत प्रवाह सोडून अंदाज बांधतात, आणि अंगातलं पाणी बदललं की अंदाजही बदलतो. पेसमेकर बसवलेल्यांनी ते वापरू नयेत. त्यापेक्षा पंधरा दिवसांनी कमरेला टेप लावा. भारतीयांसाठी पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ मानतात.

काही वजनं आहारावर ढकलू नका

हे मात्र सावकाश वाचा. माझ्या मावशीला हृदयाचा त्रास आहे, लघवीची गोळी चालू आहे. डॉक्टरांनी तिला रोज सकाळी वजन करून लिहायला सांगितलं होतं आणि ती लिहीतही होती. दोन वर्षांपूर्वी चवथीनंतर (गणेश चतुर्थीनंतर) चार दिवसांत तिचं वजन दोन किलोंनी वाढलं. "नेवऱ्या खाल्ल्या ना, म्हणून," ती म्हणाली आणि तिने रात्रीचं जेवण सोडलं. आम्हीही मान डोलावली. पाचव्या दिवशी चपलेचा पट्टा लागेना, रात्री उशाला तीन उशा घेऊनही धाप. फुप्फुसात पाणी साचायला लागलं होतं.

हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाचं रोजचं वजन चरबी मोजायला नसतं, अंगात साचणारं पाणी ओळखायला असतं. एका दिवसात किलोभराहून जास्त किंवा आठवड्यात दोन किलोंहून जास्त वाढ झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. डॉक्टरांनी वेगळा आकडा सांगितला असेल तर तोच धरायचा. धाप लागत असेल तर फोनवर थांबायचंही नाही, थेट दवाखाना.

उलटही तसंच. काही न करता सहा महिने ते वर्षभरात वजनाच्या पाच टक्के घट, म्हणजे ७२ किलोच्या माणसाचे साडेतीन किलो, ही आनंदाची बातमी नाही. साखर, थायरॉइड आणि इतर तपासण्या करून घ्यायच्या. "बारीक झालास रे, छान दिसतोस" म्हणणाऱ्यांना हे कळत नाही.

ज्यांना खाण्याशी भांडण आहे, जे उपाशी राहतात, खाऊन ओकतात किंवा दिवसातून चार वेळा काट्यावर चढतात, त्यांच्यासाठी कुठलाच नेम बरा नाही. त्यांच्या घरातला काटा कपाटात जाऊ दे आणि वजन तज्ज्ञांपुढेच होऊ दे. वयात येणाऱ्या मुलींना तर आईबापांनी रोज काट्यावर उभं करूच नये.

डोळे मिटून दूध पिऊ नका

चवथीला काट्यावर पडदा पडतो तो थेट दिवाळीनंतर उठतो, असं आमच्याकडे बरीच वर्षं चाललं. मांजराने डोळे मिटले म्हणून दूध कमी पिऊन होत नाही. अमेरिकेत १९९४ साली सुरू झालेल्या नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्रीत, किमान साडेतेरा किलो उतरवून ते वर्षभर तरी टिकवलेल्या माणसांची नोंद होते. त्यांतले सुमारे ७५ टक्के लोक आठवड्यातून निदान एकदा वजन करतात. काट्यामुळेच त्यांचं वजन टिकलं, असं यातून सिद्ध होत नाही. पण वजन उतरल्यावर त्यांनी काटा अडगळीत टाकला नाही, एवढं दिसतं. सरासरी दीड-दोन किलो वर सरकली की तिथेच थांबवणं सोपं. सहा झाल्यावर पुन्हा सगळं पहिल्यापासून.

आणि सरासरीच अडली तर

चार दिवस अडली तर काही करू नका. तीन-चार आठवडे हलली नाही, तर शोध घ्या. वजन उतरलं की शरीराची गरजही थोडी उतरते, म्हणून आधी पुरणारा बेत पुढे पुरत नाही. शिवाय हात सैल होतो. नवऱ्याची सरासरी गेल्या पावसाळ्यात पाच आठवडे एकाच जागी होती. भात मोजला, हुमणातला नारळ मोजला, सगळं ठीक. शेवटी सापडले संध्याकाळच्या चहाबरोबरचे खारे काजू. बाहेर पाऊस, हातात पेपर, आणि नकळत दोन मुठी. साठ ग्रॅम काजूंत साडेतीनशेच्या आसपास कॅलरी असतात. त्याच तो चालून जाळत होता.

बरणी आता माळ्यावर आहे. त्याआधी त्याने काट्याची बॅटरी दोनदा बदलली होती.