मॅन्युअलमध्ये काय बदललं, हे तपासणाऱ्याला कसं दाखवावं

काही वर्षांपूर्वी एका कॉम्प्रेसरच्या देखभालीचं मॅन्युअल मी नव्या टेम्प्लेटमध्ये बसवलं आणि १६० पानांची पीडीएफ "कृपया तपासून कळवा" एवढ्या एका ओळीसह इंजिनिअरकडे पाठवली. दोन दिवसांत "ओके" आलं. फिल्टर बदलण्याच्या कृतीत "मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप लावा" ही पायरी कॉपी-पेस्ट करताना तिसऱ्यावरून पाचव्या क्रमांकावर गेली होती, म्हणजे झाकण उघडल्यानंतर! साइटवरच्या एका जुन्या टेक्निशियनच्या ते वेळीच लक्षात आलं आणि त्यांनी फोन केला. इंजिनिअरला बोल लावण्यात अर्थ नव्हता. एवढ्या पानांतली कुठली चार पानं डोळ्यांत तेल घालून वाचायची, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून मी पुढची पद्धत पाळते.

१. जुनी प्रत पक्की करा. बदल म्हणजे कशाच्या तुलनेत बदल, हे आधी ठरायला हवं. शेवटची मंजूर झालेली प्रत शोधा, नावात रिव्हिजनचा क्रमांक घाला आणि फाइल "रीड ओन्ली" करून ठेवा.

२. दिसण्यातले बदल आणि मजकुरातले बदल एकत्र करू नका. माझी खरी चूक हीच होती. फॉन्ट, समास, टेम्प्लेट बदलायचं असेल तर ते आधी करा, त्याची वेगळी प्रत ठेवा आणि मजकुराला त्यानंतरच हात लावा. नाहीतर शेकडो लाल खुणा उमटतात आणि त्यातली महत्त्वाची एक कुणालाच दिसत नाही.

दोन्ही आधीच मिसळलं असेल, किंवा काम सुरू करताना "ट्रॅक चेंजेस" (प्रत्येक बदलावर खूण करणारी सोय) लावायचं राहिलं असेल, तरी मार्ग आहे. वर्डमध्ये "रिव्ह्यू" टॅबवर "कम्पेअर" आहे. तिथे जुनी आणि नवी फाइल निवडा, "मोअर" दाबा आणि "फॉरमॅटिंग" व "व्हाइट स्पेस" यांच्यासमोरच्या खुणा काढा. "मूव्ह्ज"ची खूण मात्र काढू नका. जागा बदललेली पायरी किती महागात पडू शकते, ते वर आलंच आहे. तुलना अक्षरांच्या नव्हे, शब्दांच्या पातळीवर ठेवा. आकड्याचा एकच अंक खोडलेला दिसला की वाचणारा गोंधळतो, पूर्ण जुना आकडा आणि पूर्ण नवा आकडा दिसला की लगेच कळतं. लिब्रेऑफिसमध्ये हीच सोय "एडिट" मेनूत "ट्रॅक चेंजेस"खाली आहे.

मजकूर गिटमध्ये, म्हणजे फाइलींच्या आवृत्त्या जपणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, असेल तर प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर लिहायची सवय लावा. गिट बदल दाखवतं ते डिफच्या पद्धतीने. डिफ हे साधन १९७०च्या दशकात बेल लॅब्जमध्ये युनिक्ससाठी तयार झालं आणि ते मुळात ओळीशी ओळ ताडून बघतं. अख्खा परिच्छेद एकाच ओळीत असेल तर एक शब्द बदलला तरी सगळा परिच्छेद बदललेला दिसतो.

३. जे साधनाला दाखवता येत नाही, ते हाताने दाखवा. चित्राच्या जागी दुसरं चित्र आलं, एवढंच फार तर कळतं. चित्रात काय बदललं ते कळत नाही. इथे ड्रॉइंग ऑफिसची जुनी रीत कामाला येते. बदललेल्या भागाभोवती ढगासारखी रेघ काढायची आणि शेजारच्या त्रिकोणात रिव्हिजनचा क्रमांक लिहायचा. विमानांच्या मॅन्युअलमध्ये बदललेल्या ओळींच्या बाजूला समासात उभी काळी रेघ असते, तीही उत्तम पद्धत आहे. पण समासातली रेघ काय गेलं ते सांगत नाही. म्हणून वगळलेल्या मजकुराची यादी वेगळी द्यावी. वगळलेली सूचना हा सर्वांत धोक्याचा बदल असतो, कारण नसलेल्या वाक्यावर नजर अडत नाही.

४. बदलांची टीप लिहा. खुणांमधून काय बदललं ते कळतं, का बदललं ते कळत नाही. माझ्या टिपेतली एक नोंद साधारण अशी असते:

"६.३, पान ४१. झाकणाच्या बोल्टचा टॉर्क ४५ न्यूटन-मीटर होता, ५४ केला. कारण: गॅस्केट बदललं, आकडा नव्या ड्रॉइंगवरून घेतला. डिझाइन विभागाने आकडा ताडून पाहावा."

कारण लिहिलं नसतं, तर ४५ चे ५४ टाइप करताना अंक उलटे पडून झाले की मुद्दाम केले, हे तपासणाऱ्याने कसं ओळखावं? आणि "काही किरकोळ सुधारणा" असं कधीही लिहू नका. किरकोळ काय, ते तपासणाऱ्याला ठरवू द्या.

५. ज्याला त्याला त्याचा प्रश्न विचारा. डिझाइनवाल्यांनी आकडे बघावेत, सर्व्हिसवाल्यांनी कृतीचा क्रम, सुरक्षा अधिकाऱ्यांनी इशारे. कोणती कलमं वाचायची आणि कधीपर्यंत, हे नावानिशी लिहा. "सर्वांनी पाहावे" म्हटलं की जो तो दुसऱ्यावर विसंबतो.

सोबत दोन फाइली द्या, एक खुणांची आणि एक स्वच्छ. खुणांच्या प्रतीची पीडीएफ काढून पाठवलेली बरी. समोरच्याच्या वर्डमध्ये "सिंपल मार्कअप" निवडलेलं असलं तर त्याला समासात फक्त एक रेघ दिसते आणि खोडलेलं वाक्य दिसतच नाही.

६. मंजुरीनंतर आणखी एकदा तुलना करा. आलेल्या प्रत्येक शेऱ्याला उत्तर द्या, न स्वीकारलेल्यालाही. मग मंजूर झालेली प्रत आणि छपाईला जाणारी प्रत यांची तुलना करा. शेवटच्या दिवशी घाईत केलेली दुरुस्ती इथेच सापडते. एकही खूण निघाली, तर फाइल छपाईला न जाता त्या तपासणाऱ्याकडे परत जाते.