शेजारच्या प्लॉटची आग आपल्याकडे येते ती अशी, एमआयडीसीवाल्यांनो या चुका टाळा

कोकणातलं लोटे घ्या, महाड घ्या, रोहा घ्या, केमिकलच्या कंपन्या भिंतीला भिंत लावून उभ्या आहेत आणि प्रत्येकाचा इमर्जन्सी प्लॅन मात्र आपल्या गेटपाशी येऊन संपतो. सगळ्यात मोठी चूक हीच. एका टाकीला आग लागली की तिची धग बाजूच्या टाकीला तापवते, स्फोटाच्या दाबाने पाइपलाइन फुटते, उडालेला पत्रा कुठे जाऊन पडेल ते कुणी सांगू शकत नाही. मेक्सिको सिटीजवळच्या गॅस डेपोत १९ नोव्हेंबर १९८४ ला गळती झाली आणि एकामागोमाग टाक्या फुटत गेल्या, एक टाकी तर हजार मीटरच्याही पुढे जाऊन पडली, ५०० च्या आसपास माणसं गेली. लांबचं वाटत असेल तर डोंबिवलीचा २३ मे २०२४ चा स्फोट आठवा, एका कंपनीत झाला आणि आजूबाजूच्या कंपन्याही सापडल्या.

दुसरी चूक, जागा नाही म्हणून ड्रम भिंतीला लावून ठेवायचे. एका प्लॉटमधे मी स्वतः पाहिलंय, आमच्या बाजूला टोल्युइनचे (पटकन पेटणारं सॉल्व्हंट) ड्रम तीन थर आणि भिंतीपलीकडे चार पावलांवर शेजाऱ्यांचा थर्मिक फ्लुइड हीटर, म्हणजे तेल तापवायची भट्टी, आणि दोन्हीकडच्या सेफ्टीवाल्यांना एकमेकांचा पत्ता नाही. हे कागदावर सापडत नाही हो, त्यासाठी दोघांनी मिळून भिंतीच्या दोन्ही बाजूंनी चालावंच लागतं.

गटाराकडे तर कुणी बघतच नाही. टोल्युइन पाण्यावर तरंगतं, त्यामुळे पेटलेल्यावर नुसतं पाणी मारलं किंवा आपल्याकडचा आषाढातला पाऊस कोसळत असला की जळतं सॉल्व्हंट वाहत वाहत पुढच्या प्लॉटमधे जातं. अशा आगीला फोम, म्हणजे आग झाकणारा फेस लागतो, आणि पावसाच्या गटाराचा गेट कुठे आहे, तो हाताने फिरतो का, हे मे महिन्यातच बघून ठेवा.

आता सायरन. मागच्या पावसाळ्यात शेजारी सायरन झाला, आमच्याकडे अर्ध्या लोकांना वाटलं शिफ्टचा भोंगा, बाकीचे गेटकडे पळाले आणि वारा नेमका तिकडेच होता. नशिबाने गळती छोटी होती. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, आजूबाजूच्या कंपन्यांचा सायरन कोड एकच ठरवा आणि असेंब्ली पॉइंट, म्हणजे बाहेर पडून जमायच्या जागा, दोन ठेवा, कारण दुपारी खारे वारे आत येतात आणि रात्री मतलई वारे उलटे जातात. आधी विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) बघायचा, मग पळायचं.

"शेजाऱ्याला सांगितलं तर आमचा प्रोसेस फुटेल" असं म्हणणारे मालक भेटतात. फॉर्म्युला कुणी मागत नाहीये, काय साठवलंय, किती, कुठे, आणि त्यावर पाणी चालतं का एवढंच हवंय. आणि भोपाळनंतर १९८७ ला फॅक्टरी अ‍ॅक्टमधे ४१ बी कलम आलं, ते नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार सुरक्षा संहितेत गेलंय, त्यात धोकादायक प्रोसेस असलेल्या कारखान्याने धोक्याची माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांनाही द्यायची आहे, म्हणजे वाडीतल्या लोकांचाही तो हक्क आहे.

म्युच्युअल एड ग्रुपमधे, म्हणजे संकटात एकमेकांना मदत करायच्या कंपन्यांच्या गटात, नाव आहे म्हणून निर्धास्त राहू नका. त्या यादीतला शेजारच्या कंपनीचा नंबर आज रात्री दोन वाजता लावून बघा, कोण उचलतं ते, आणि उचललं तर त्यांच्याकडे फोम किती लिटर आहे ते विचारा.