जांभळ्या झाकणाची ट्यूब आणि माझी फजिती

पावसाळा लागला की आमच्या तालुक्याच्या लॅबमध्ये रोज कोणीतरी म्हणतंच, "ताई, पोराच्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या म्हनते डॉक्टर." रिपोर्ट पाहावा तर घसरलेल्या असतात प्लेटलेट. यवतमाळकडच्या खेड्यापाड्यांत दोघींना एकच नाव पडलंय. डीएमएलटी, म्हणजे लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा, करून नव्याने कामाला लागलेली पोरं यावर हसतात. हसू नका. प्लेटलेट रक्त गोठवतात, पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात, एवढं परीक्षेपुरतं मलाही येत होतं. या दोघी ट्यूबमध्ये एकमेकींना चिकटून मशीनचा आकडा फसवतात, हे माहीत नव्हतं आणि ते महागात पडलं.

नोकरीचं पहिलं वर्ष. एका काकूंचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, लावला, मशीनने प्लेटलेट दाखवल्या ३८,०००. ताप नाही, अंगावर लाल ठिपके नाहीत, हिरड्यांतून रक्त नाही. तरी मी आकडा तसाच छापला. घरच्यांनी रातोरात गाडी ठरवून काकूंना नागपूरला नेलं. तिथे काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, पुन्हा मोजलं, तर प्लेटलेट दोन लाखांच्या वर! गाडीभाडं गेलं ते गेलंच.

त्या नमुन्याची काच मी नंतर रंगवून पाहिली. तेल टाकून शंभरची भिंग लावली, तर न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीभोवती जांभळट प्लेटलेटचं कडं. मधे पेशी, भोवती पाकळ्या. मला वाटलं, सापडलं! पुस्तकात वाचलेली दाहातली, म्हणजे सुजेतली, दोघींची दोस्ती हीच. सिनियर सर म्हणाले, "अगं, ही दोस्ती शरीरातली नाही, ट्यूबमधली आहे."

काही लोकांच्या रक्तात अशी प्रतिपिंडं असतात, जी जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधल्या ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनामुळे प्लेटलेटना न्यूट्रोफिलला चिकटवतात, नाहीतर एकमेकींचे गठ्ठे करतात. चिकटलेल्या प्लेटलेट मशीन मोजत नाही. न्यूट्रोफिलभोवतीच्या कड्याला सॅटेलिटिझम म्हणतात. माणूस धडधाकट, फक्त आकडा आजारी.

मग खरी दोस्ती कशी असते? कपाशी निंदताना पायात बाभळीचा काटा मोडला असं समजा. शीर फाटते, तिच्या भिंतीतलं कोलॅजन नावाचं प्रथिन उघडं पडतं, त्याला प्लेटलेट चिकटतात आणि जाग्या होतात. जाग्या प्लेटलेटच्या पोटातल्या कणांमधून पी-सिलेक्टिन नावाचं प्रथिन तिच्या अंगावर येतं. न्यूट्रोफिलच्या अंगावर त्याचा जोडीदार असतो, पीएसजीएल-१. वाहत्या रक्तातला न्यूट्रोफिल इथे अडतो, गोखरू लुगड्याच्या काठाला अडकावं तसा. ही पकड ढिली. पण तेवढ्यात तो स्वतः जागा होतो, मॅक-१ नावाचं दुसरं प्रथिन वापरून घट्ट बसतो आणि भिंतीतून सरकून काट्याजवळ पोचतो. संध्याकाळी पाय टम्म फुगतो. पुस्तकातला दाह तो हाच. आपल्याकडे सरळ सूज म्हणतात.

प्लेटलेट त्याला आणखीही डिवचतात. मग न्यूट्रोफिल आपलाच डीएनए बाहेर फेकून जंतूंवर जाळं टाकतो. हे जाळं शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये दाखवलं, म्हणजे जुन्या नोट्समध्ये शोधू नका. जाळ्यात जंतू अडकतात तसं रक्तही अडकतं. जंतुसंसर्ग रक्तात पसरला की बारीक शिरा तुंबतात, त्यात याचाही हात असतो. सिकलसेल, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार, तर आपल्या विदर्भाचं दुखणं. त्यातही पांढऱ्या पेशी शिरेच्या भिंतीला आणि प्लेटलेटना चिकटून वाट अडवतात, मग माणूस दुखण्याने लोळतो. पी-सिलेक्टिन अडवणारं क्रिझानलिझुमॅब हे औषध अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झालं. पुढच्या चाचणीत फायदा दिसला नाही, म्हणून २०२३ मध्ये युरोपने परवानगी काढून घेतली. कागदावर सुंदर दिसणारी यंत्रणा माणसात चालेलच असं नाही.

शरीरातल्या या जोड्या मोजायला फ्लो सायटोमीटर, म्हणजे एकेक पेशी लेझरने तपासणारं यंत्र, लागतो. तो आपल्या लॅबमध्ये नाही, त्यामुळे साध्या काचेवर पाकळ्या पाहून "दाह आहे" असं कोणाला सांगू नका.

आपल्या हातात आहे ते करा. प्लेटलेट एक लाखाच्या खाली आल्या की काच पाहिल्याशिवाय रिपोर्ट सोडायचा नाही, मग बाहेर रांग कितीही असो. आधी स्मिअरच्या, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्ताच्या, शेपटाकडे आणि कडांना जा, गठ्ठे तिथेच ढकलले जातात. मग जिथे लाल पेशी सुट्या पसरल्यात तिथल्या, शंभरच्या भिंगाखालच्या दहा क्षेत्रांतल्या प्लेटलेट मोजा, सरासरी काढा, तिला १५,००० ने गुणा. अंदाज मशीनच्या आकड्याच्या जवळपास आला तर ठीक. नाही आला, गठ्ठे किंवा पाकळ्या दिसल्या, तर निळ्या झाकणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घ्या, खुणेपर्यंत भरा, लगेच लावा आणि उत्तराला १.१ ने गुणा, कारण त्यात नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेटचं द्रावण असतं. हा गुणाकार मी दोनदा विसरले आहे.

काकूंच्या कार्डावर मी लाल पेनाने लिहून ठेवलंय, "प्लेटलेटसाठी ईडीटीए नको." त्या आताशा शुगर तपासायला येतात. तिला वेगळी ट्यूब लागते, हे सांगून थकले. दंड पुढे करायच्या आधी विचारतातच, "निळी वाली घेतली नं वं पोरी?"