बाळाला बोलतं करायचंय? आधी थांबायला शिका
कपडे घालताना, आंघोळ घालताना जे चाललंय ते बोलत राहायचं, "कुठे गेला हात? आला बघ हात!" एवढं साधं, पण खरं काम त्यानंतर आहे, बोलून झालं की गप्प बसून त्याच्या तोंडाकडे बघत मनात पाच आकडे मोजायचे, कारण मुलांना उत्तर जुळवायला वेळ लागतो आणि आपण घाईघाईत त्यांच्या वाटचंही बोलून टाकतो. तो "बॉ" म्हणाला की "नीट बोल" नको, "हो, लाल बॉल!" म्हणा, एक शब्द जोडून परत द्या. मोबाईलवरच्या गाण्यांनी हे होत नाही, समोरून कुणी उत्तर देत नाही ना. १८ महिन्यांचं झालं तरी एकही शब्द नाही, किंवा २ वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नाही, तर "बोलेल हळूहळू" म्हणत बसू नका प्लीज, डॉक्टरांना दाखवा आणि कान तपासून घ्याच.