कमांडने बायोस बदलताय? आधी या चुका टाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसातले कॉम्प्युटर मी सांभाळतो. चौदा डेस्कटॉप, सगळे डेलचे ऑप्टिप्लेक्स. दुपारी लाइट गेली की सगळे बंद, आणि आली की प्रत्येक टेबलाखाली वाकून बटण दाबायचं. मालक म्हणाले, "साहेब, हे आपोआप चालू होत नाहीत का?" होतात. बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणारं मशिनचं मूळ सॉफ्टवेअर. त्यात एसी रिकव्हरी नावाची सेटिंग असते, लाइट परत आली की मशिनने काय करायचं ते ती ठरवते. चौदा मशिनवर एफ-टू दाबून बायोसमध्ये शिरण्यापेक्षा डेलचं सीसीटीके हे कमांडवर चालणारं टूल वापरू म्हटलं.

बॅच फाइल, म्हणजे ओळीने चालणाऱ्या कमांडची फाइल लिहिली, शेवटच्या ओळीत "झालं" छापायला सांगितलं. चौदाही मशिनवर "झालं" आलं. दुसऱ्या दिवशी लाइट गेली, आली, आणि पाच मशिन तशीच झोपलेली! त्या पाचांवर आधीच्या माणसाने सेटअप पासवर्ड, म्हणजे बायोसचं कुलूप टाकलेलं होतं. टूलने नकार दिला होता, माझी फाइल मात्र पुढे जाऊन "झालं" म्हणत होती. कमांड संपताना एक कोड परत देते. शून्य म्हणजे यश, बाकी काहीही आलं तर गडबड. फाइलमध्ये तो कोड (विंडोजमध्ये त्याला एररलेव्हल म्हणतात) तपासा आणि काय झालं त्याची नोंद, म्हणजे लॉग ठेवा. पासवर्ड असेल तर जुना पासवर्ड कमांडसोबतच द्यावा लागतो. पण तो फाइलमध्ये उघडा लिहून शेअर्ड फोल्डरमध्ये टाकू नका, अकाउंट्सवाल्या पोरानेही वाचला असता. आणि पासवर्ड विसरलात तर मदरबोर्डवरचा सेल काढून तो जाईल या भरवशावर राहू नका. आजकालच्या बहुतेक लॅपटॉपवर तो तसा जात नाही.

एकदा आयफोनच्या नोट्समध्ये लिहिलेली कमांड व्हॉट्सॲपवर पाठवून चिकटवली. दोन छोट्या आडव्या रेघांची फोनने एक लांब रेघ केली होती. डोळ्यांना फरक दिसेना, टूलला दिसला. अर्धा तास गेला. कमांड नोटपॅडमध्येच लिहा. कमांडची खिडकीही ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडा.

बदलण्याआधी वाचा. सेटिंगचं नाव किंमत न देता टाकलं की सध्याची किंमत दिसते, मदतीच्या पर्यायासह टाकलं की चालणाऱ्या किमती दिसतात. एकाच ऑफिसात दोन मॉडेल असली तर पर्याय वेगळे निघू शकतात. सगळी सेटिंग आधी फाइलमध्ये काढून ठेवा. ती फाइल दुसऱ्या मशिनवर चढवायची असेल तर बूट ऑर्डरची (मशिन कुठल्या डिस्कवरून आधी चालू व्हायचं त्याची) ओळ काढून मगच.

एसी रिकव्हरीत ‘ऑन’ ठेवलं तर संध्याकाळी बंद करून गेलेली मशिनंसुद्धा रात्री लाइट आली की उठतात. म्हणून मी ‘लास्ट’ ठेवलं, म्हणजे लाइट जाताना चालू होतं तेच चालू. पण हिशोबाचं टॅली असलेल्या मशिनला यूपीएसचं सॉफ्टवेअर लाइट गेल्यावर नीट बंद करतं. ‘लास्ट’च्या हिशोबाने ते आधीच बंद होतं, मग ते उठत नाही. त्या एकाला ‘ऑन’च हवं.

नेटवर्कवरून मशिन उठवायचं असेल तर त्यासाठीची वेक-ऑन-लॅन ही सेटिंग नुसती चालू करून भागत नाही. डीप स्लीप कंट्रोल ही वीज वाचवणारी सेटिंग चालू असेल तर बंद मशिनच्या नेटवर्क कार्डला वीजच मिळत नाही. आधी ते बंद करा.

दोन ठिकाणी मात्र हात जपून. साटाचा मोड (मशिन डिस्कशी कसं बोलतं ती पद्धत) रेडवरून एएचसीआयवर सरळ नेला की विंडोज निळ्या पडद्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणून थांबते. झालंच असेल तर मोड परत फिरवा, विंडोज येते. मग विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल असं लावा, साटाचा मोड बदला, एकदा सेफ मोडमध्ये येऊ द्या आणि सेफ मोडची ती सेटिंग काढून टाका. दुसरं म्हणजे सिक्युअर बूट किंवा टीपीएम, या मशिनच्या सुरक्षेच्या सेटिंग. त्याला हात लावण्याआधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप थांबवा, नाहीतर मशिन ४८ अंकी रिकव्हरी की मागतं, आणि ती कुठे ठेवली हे ऑफिसात कुणालाच आठवत नाही.

आणि सगळं बरोबर करूनही एखादं मशिन रोज सेटिंग विसरत असेल तर टूलला दोष देऊ नका. तारीख बघा. घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलं असेल आणि जीएसटीची साइट सर्टिफिकेटची तक्रार करत असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलाय. तो बदला, मग कमांड पुन्हा चालवा.