जुनी दुनळी चकाचक करताना या चुका टाळा

वारशाने आलेली बारा बोअरची दुनळी बंदूक परवान्यावर चढली, की बहुतेकांचा पुढचा विचार ठरलेला असतो: जरा पॉलिश, ब्लूइंग (पोलादावर निळा-काळा रंग चढवणं) करून घेऊ, किंमत येईल. तसं होत नाही. उडालेला रंग पुन्हा चढवता येतो. घासून गेलेलं पोलाद आणि लाकूड परत येत नाही, आणि जाणकार गिऱ्हाईक पैसे मोजतं ते त्याचेच.

सगळ्यात मोठं नुकसान बफिंगच्या चाकावर होतं. ॲक्शनच्या, म्हणजे नळ्या ज्यात बसतात त्या यंत्रणेच्या धातूच्या भागाच्या, कडा गोल होतात, वेलबुट्टी पुसट होते, स्क्रूच्या भोकांभोवती खळगे पडतात. बंदूक उजेडात तिरकी धरून तिच्यावरचं कंपनीचं नाव वाचा. अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसल्या, तर ती आधीच चाकावरून गेलेली आहे. इंग्रजी बंदुकीच्या नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे, म्हणजे नळ्यांची चाचणी घेणाऱ्या संस्थेचे, ठसे असतात. नळीची चाचणी बंदुकीच्या कोणत्या दारूवर झाली, हे त्यांवरून कळतं. ते गेले की बंदुकीचा जन्मदाखलाच गेला. शिवाय नाव, नंबर किंवा ओळखीची खूण खोडणं म्हणजे शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ८ चा भंग. नंबर पॉलिशमध्ये पुसला गेला, हे पोलीस ठाण्यात समजावत बसायची वेळ येऊ देऊ नका.

दुसरी चूक स्वस्त पडते म्हणून होते. दोन नळ्यांमधल्या पट्ट्या कथील-शिशाच्या डाखाने बसवलेल्या असतात. आज सर्रास होणारं हॉट ब्लूइंग म्हणजे कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचं सुमारे १४० अंश सेल्सिअसचं उकळतं द्रावण. ते हा डाख खातं. पट्टी सुटते, नाही सुटली तरी क्षार तिच्याखाली अडकून आतून गंज चालू राहतो, आणि वरून बंदूक काळीभोर, देखणी. जुन्या कारागिरांची पद्धत संथ आहे. नळीवरचं तेल पूर्ण काढायचं, आम्लाचं पातळ द्रावण लावून गंज चढू द्यायचा, मग उकळत्या पाण्यात तांबड्या गंजाचा काळा करायचा, मऊ तारेच्या ब्रशने भुकटी झाडायची, आणि हे सगळं पुन्हा पुन्हा. दिवस लागतात, म्हणून पैसेही लागतात. दमास्कस नळीची तर लोखंड-पोलादाच्या पिळाची नक्षी हीच शोभा. तिच्यावर एकसारखा काळा रंग थापू नका.

पट्ट्या घट्ट आहेत का, हे कानाने कळतं. नळ्या सुट्या करून खालच्या हुकाला दोरीने टांगा आणि बोटाच्या पेराने वाजवा. घंटेसारखा लांबत जाणारा नाद आला तर ठीक. बद्द आवाज आला, तर आधी डाखाचं काम, रंगाचं नंतर.

दस्त्याला सँडपेपर लावू नका. अक्रोडाचं लाकूड मुळात धातूपेक्षा किंचित उंच ठेवलेलं असतं. ते घासून खाली गेलं की घासल्याची चुगली आयुष्यभर दिसते. चकाकणारं पॉलियुरेथेनही नको. मूळ फिनिश तेलाचं असेल, तर जवसाच्या तेलाचे थोडे थेंब तळहाताने जिरवा.

बाजार कोणता, यावरही बरंच ठरतं. अमेरिकेत कनेटिकटच्या मेरिडनची पार्कर दुनळी किंवा विंचेस्टरची एकनळी मॉडेल १२ असेल, तर संग्राहक मूळ फिनिश किती शिल्लक आहे ते आधी बघतात. पार्करच्या ॲक्शनवरचे केस-हार्डनिंगचे (धातूचा वरचा थर कडक करताना उमटणारे) निळे-तपकिरी ढग कितीही सुरेख पुन्हा चढवले, तरी भाव पडतो. शिवाय ॲक्शन तापवून पाण्यात बुडवताना वाकूही शकते. इंग्रजी दुनळीचं वेगळं. हंगाम संपला की ती कारागिराकडे धाडून साफ करायची, गरजेप्रमाणे नळ्या काळ्या करायच्या, ही तिथली जुनी रीत. त्यामुळे हलक्या हाताने, जुन्या पद्धतीने केलेलं काम तिथे फारसं खटकत नाही. तरीही माझं मत असं, की गंज चालू असेल, पट्टी सुटली असेल किंवा आधी कुणी बिघडवून ठेवली असेल, तरच हात लावावा.

काम दुरुस्तीचा परवाना असलेल्या गनस्मिथकडेच द्या. नंबर, ठसे, नक्षी यांचे फोटो आधी काढा आणि नळीची जाडी मोजून घ्या. इंग्रज व्यापारी सगळ्यात पातळ जागी ०.०२० इंच, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर, ही सर्वसाधारण खालची मर्यादा मानतात. तुमची नळी त्याच्या आसपास असेल, तर पॉलिशचा विचार सोडा. डाग राहू देत, तेलाचं फडकं फिरवत चला.