मॉनिटरचा वर्षभराचा वीजखर्च अचूक कसा काढावा

मॉनिटरच्या पाठीवरील व्होल्ट आणि अँपिअरचा गुणाकार करा, हा सर्रास दिला जाणारा सल्ला आधी सोडून द्यावा. तेथील आकडा कमाल मर्यादेचा असतो, रोजच्या वापराचा नसतो. २३० व्होल्टला १.५ अँपिअरने गुणले की ३४५ वॅट येतात. २४ इंची साधा एलईडी मॉनिटर प्रत्यक्षात साधारण १५ ते २५ वॅट घेतो.

भिंतीवरील सॉकेट आणि मॉनिटरचा प्लग यांच्यामध्ये वॅटमीटर, म्हणजे जाणारी वीज मोजणारे छोटे उपकरण, लावावा आणि ब्राइटनेस नेहमीच्या वापराएवढा ठेवावा.

खरी अडचण मोजणीत आहे आणि मी येथेच अनेकदा फसलो आहे. पहिली चूक म्हणजे मी वॅटऐवजी व्हीए (व्होल्ट आणि अँपिअरचा गुणाकार) हा आकडा वाचत होतो. मॉनिटरसारख्या उपकरणात व्हीए बराच मोठा दिसू शकतो, परंतु घरगुती बिल सहसा वॅटवरून मोजलेल्या युनिटचे येते. दुसरी चूक घाईची होती. अनेक मीटर युनिटचा शंभरावा भागच दाखवतात; २४ वॅटच्या मॉनिटरला तासाभरात ०.०२४ युनिट लागत असताना मीटरवर ०.०२ दिसते, म्हणजे सुमारे सतरा टक्क्यांची चूक होते. म्हणून मीटर शून्यावर आणून पूर्ण सात दिवस लावून ठेवावा. त्यापेक्षा कमी काळाच्या मोजणीवर मी विश्वास ठेवत नाही.

तिसरी चूक उशिरा लक्षात आली. यूएसबी-सी केबलने जोडलेला लॅपटॉप मॉनिटरमधूनच चार्ज होत असेल, तर मीटर दोघांची वीज एकत्र मोजतो. मोजणीच्या आठवड्यात लॅपटॉप स्वतःच्या चार्जरवर ठेवावा आणि मॉनिटरमधून त्याला वीज मिळत नाही याची खात्री करावी, अन्यथा सारे श्रम वाया जातात.

आठवड्याच्या युनिटना ५२ ने गुणावे आणि सुट्ट्यांचे आठवडे वजा करावेत. पडताळणीसाठी २४ वॅट, रोज ८ तास आणि २५० दिवस धरल्यास ४८ युनिट येतात. उरलेले ६,७६० तास ०.४ वॅटच्या स्टँडबायमध्ये गेले, तरी जेमतेम २.७ युनिटची भर पडते. वर्षाच्या युनिटना विजेच्या दराने गुणले की खर्च मिळतो. दर टप्प्याटप्प्याने वाढत असेल तर सरासरी दर न घेता आपल्या बिलातील सर्वांत वरच्या टप्प्याचा दर घ्यावा, कारण मॉनिटरची वीज वाचली की आधी त्याच टप्प्यातील युनिट कमी होतात.

खर्च कमी करायचा असेल तर आधी ब्राइटनेस उतरवावा, कारण एलसीडी मॉनिटरमध्ये (साधा एलईडी मॉनिटरही याच प्रकारचा) बरीचशी वीज बॅकलाइटला, म्हणजे पडद्यामागच्या दिव्यांना लागते. याच कारणाने तेथे काळ्या पार्श्वभूमीने फारसा फरक पडत नाही. ज्याच्या पडद्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो त्या ओएलईडीमध्ये मात्र पडतो. स्क्रीनसेव्हर चालू असताना बॅकलाइट जळतच राहतो, त्यामुळे त्याऐवजी पाच मिनिटांनी पडदा बंद होईल अशी सेटिंग ठेवावी.